लांबवलेली ओवी

माझं तोंड फटकळ आहे. शिरूरमध्ये कुणालाही विचारा, सांगतील. "बाईंचं इंजेक्शन दुखत न्हाई, बोलणं दुखतं," असं पेशंट माझ्या समोर म्हणायचे आणि मीही हसायचे. नर्सला गोड बोलता आलं नाही तरी चालतं, खरं बोलता आलं पाहिजे, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

नव्वदच्या दशकात मी शिरूरच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात होते. ड्यूटी संपली की लूना काढायची आणि आसपासच्या गावांत घरोघरी जायचं. ड्रेसिंग, सलाईन, इंजेक्शन अशी कामं असायची. त्यातली बरीचशी घरं अशी, की तिथलं माणूस पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून परत आलेलं. "आता घरी न्या, सेवा करा," एवढं सांगून पाठवलेलं. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, ते कुणी सांगायचं नाही. मग घरचे आपल्या परीनं करायचे. नारळपाणी आणायचे, पाहुणे गोळा करायचे आणि खाटेभोवती उभं राहून दबक्या आवाजात बोलायचे. त्या दबक्या आवाजाचा मला भयंकर राग. अरे, माणूस आजारी आहे, बहिरा नाही!

आमचं घर मुसलमानाचं, पिढ्यान्पिढ्या शिरूरचं. आमच्यात माणूस शेवटच्या वाटेला लागला की उशाशी बसून कुराणातलं यासीन वाचतात. अब्बा गेले तेव्हा मी शेजारीच होते. त्यांची नाडी माझ्या बोटाखाली होती. वाचन सुरू झालं तशी त्यांची धाप हळूहळू खाली बसत गेली. डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही, पण श्वास ऐकत होता. त्या दिवशी माझी पक्की खात्री झाली की सगळं मिटलं तरी कान जागा राहतो. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

माझी थोरली बहीण दौंडला दिलेली. तिच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आजारी होते. गाड्यांचा त्रास नको म्हणून मुलांनी त्यांची खाट मागच्या खोलीत नेली होती. ते दिवसभर तळमळायचे. मी म्हटलं, उचला ती खाट आणि ठेवा पुढच्या खिडकीपाशी. मुलगा म्हणाला, आवाजानं झोप लागणार नाही. मी म्हटलं, ज्यानं सारा जन्म यार्डात काढला त्याला आवाजानं नाही, शांततेनं झोप येत नसेल. खाट हलवली. संध्याकाळी शंटिंग सुरू झालं, डबे एकमेकांवर आदळायला लागले आणि म्हातारबुवा घोरायला लागले. बहीण म्हणाली, "तू भी ना!" तेव्हापासून मी नियमच केला. नव्या घरी गेले की बीपी बघायच्या आधी विचारायचं, यांना काय ऐकायला आवडतं? बहुतेक घरांत तडक "भजन" असं उत्तर यायचं. खाटेवरच्या माणसाला मात्र कुणी विचारलेलं नसायचं.

या सगळ्यात एक घर माझ्या मनातून कधीच गेलं नाही. कवठे येमाईकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, धनगरांची वाडी होती. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारे लोक, आता विहिरीवर ऊस-कांदा करत स्थिरावलेले. त्या घरातले आबा फुप्फुसाच्या कॅन्सरनं आजारी होते. आवाज पार गेलेला, उरली होती फक्त कुजबूज, आणि तीही कान तोंडाला लावल्याशिवाय समजायची नाही. मुलगा एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जायचा. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "सिस्टर, पेशंट लई रेस्टलेस हाय. टॅबलेट देऊनबी झोप न्हाई."

"पेशंट काय म्हणतोस? बाप आहे तुझा," मी म्हटलं. बिचारा ओशाळला.

आबांचा एक चाळा होता. उजवा हात कष्टानं उचलून कानापाशी न्यायचे आणि मग तो धपकन खाली पडायचा. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायचा. आमच्या डॉक्टरांनी कान दुखत असेल म्हणून थेंब लिहून दिले होते. घरच्यांनी वर लसणीचं तेलही घातलं होतं. उशी नुसती तेलकट झालेली. मी कानात बॅटरी मारून बघितलं, कान स्वच्छ. दारात आबांची बायको उभी होती. अंगानं चिमणीएवढी, डोईवरचा पदर कधी ढळू न देणारी. मी तिला मावशी म्हणायचे. ती म्हणाली, "कान न्हाई दुखत, बाई. ववी आडाकलीया त्यांची."

"आई, गप की. कायबी बोलती," मुलगा म्हणाला.

"तूच गप," मी त्याला म्हटलं आणि मावशींना बसवून सगळं विचारून घेतलं.

आबा म्हणजे त्या भागातले ओवीचे मुख्य गाणारे. धनगरांची ओवी म्हणजे जात्यावरची दोन-चार ओळींची नव्हे. ती देवाची लांबलचक कथा, काही गायची, काही सांगायची. एकानं पुढं गायचं, बाकीच्यांनी मागून झील धरायची, म्हणजे त्याचा शेवटचा शब्द उचलून सुरात न्यायचा. गाताना कानावर हात ठेवायचा. देवाचं नाव घेऊन सुरुवात करतात, त्याला सुंबरान मांडणं म्हणतात. आणि एकदा मांडलं की कथा शेवटाला न्यायचीच, मध्ये टाकायची नाही, हा त्या वाडीचा कडक नियम. पाऊस येवो, भांडण होवो, ओवी पुरी करूनच उठायचं. मागल्या जत्रेत आबांनी सुंबरान मांडलं, कथा निम्म्यावर आली आणि खोकल्याची उबळ आली. रक्त पडलं. लोकांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. तपासण्या, पुणे, परत घर. ओवी तिथंच राहिली. देव मेंढरं घेऊन घाटाच्या माथ्यावर आलेला आणि तिथंच थांबलेला. आबांचा जीव त्या घाटात अडकला होता.

एवढं कळल्यावर मी स्वस्थ बसणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी आबांच्या साथीदारांना बोलावून घेतलं. त्यांचे पुढारी म्हणजे मावशींचे थोरले भाऊ, आबांचे मेव्हणे. दणकट माणूस, आवाज विहिरीतून आल्यासारखा. आबांना ते दाजी म्हणायचे. अंगणात सगळे गोल करून बसले आणि मी सांगितलं, ओवी पुरी करा.

"बाई, तुमचं बराबर हाय," मेव्हणे म्हणाले, "पन आमच्यात असं हाय, ज्यानं मांडली त्यानंच म्होरं न्यायची. दाजींला आवाज न्हाई. आन् दुसरं, आमी उचलली आन् दाजी मधीच गेले तर? आरधी ववी गळ्यात घिऊन आमी कुठं फिरायचं?"

त्यांची भीती खोटी नव्हती. पण माझाही पारा चढला. "आणि ते अर्धी ओवी गळ्यात घेऊन गेले तर तुम्हांला चालेल?"

एका म्हाताऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मग मी जरा सबुरीनं घेतलं. विचारलं, गाताना तुम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवता ना? ठेवतो म्हणाले. मग आबांना तक्क्याला टेकून बसवते, मेव्हण्यांनी खाटेला पाठ लावून खाली बसायचं, आबांचा हात त्यांच्या खांद्यावर. त्यांनी दाबलं की पुढं जायचं, नाही दाबलं की थांबायचं. म्हणजे ओवी त्यांनीच पुढं नेली की नाही? आवाज तेवढा तुमचा.

मेव्हणे उठून आत गेले, खाटेपाशी उकिडवे बसले आणि आबांचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. आबांनी डोळे उघडले. बोटं वळली. मेव्हण्यांचा तो दांडगा चेहरा पोरासारखा झाला आणि ते म्हणाले, "सांजच्याला येतो, दाजी."

त्या संध्याकाळपासून धारा काढून झाल्या की मंडळी यायची आणि जेवणवेळेपर्यंत गायची. मी माझी शेवटची फेरी त्याच वाडीला ठेवली. खोटं कशाला सांगू, ते गाणं पहिल्यांदा मला ओबडधोबड वाटलं. पण आबांकडे बघितलं आणि मत बदललं. तक्क्याला टेकलेला तो हाडांचा सापळा खांद्यावरच्या बोटांनी सात-आठ माणसांना चालवत होता. एका जागी मेव्हणे घाईनं पुढं गेले तर बोटं हललीच नाहीत. मेव्हणे थबकले, मागं आले, सुटलेली ओळ घेतली, मग बोट दाबलं गेलं. मी भोळी नाही. ओवीनं कॅन्सर जात नाही. दुखण्याचं इंजेक्शन मी वेळेवर देतच होते आणि देणारच होते. पण औषधाच्या पलीकडची जी तळमळ होती, ती गेली. आबांना झोप लागायला लागली. पेज घ्यायला लागले. कानाकडे जाणारा हात थांबला. मी डॉक्टरांना सांगितलं, थेंब बंद करा. माझं म्हणणं खरं ठरलं याचा मला आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही.

आणि मग काहीतरी बिनसलं. आबांच्या कपाळाला पुन्हा आठ्या पडायला लागल्या. मला गाण्यातलं कळत नव्हतं, पण गोष्ट तर कळत होती! देव घाट उतरायला निघाला होता, तो काही केल्या उतरेना. सोमवारी ज्या वळणावर होता, गुरुवारीही तिथंच. मधे एकेका मेंढीचं वर्णन सुरू झालं, तिचं रूप, तिची लोकर, तिच्या आईचं रूप. मग वाटेतलं प्रत्येक झाड. मग झाडावरचं पाखरू. आबांची बोटं मेव्हण्यांच्या खांद्यात रुतायची आणि मेव्हणे मुकाट मान खाली घालून आणखी एक मेंढी आणायचे.

आबांनी मला खुणावलं. मी कान तोंडाशी नेला. "पानी घालत्यात ववीत," ते म्हणाले. रागानं त्यांची मान थरथरत होती.

मी तडक मागं गेले. चुलीवर मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता आणि मावशी फुंकणीनं जाळ करत होत्या. मी विचारलं, "हे काय चाललंय? तुमचे भाऊ ओवी लांबवतात कशाला?"

"म्याच सांगितलंय दादाला," त्या फुंकणी खाली ठेवत म्हणाल्या. "ववी सरली का ह्ये सुटलं. त्येवढ्यासाठीच त्यांचा जीव थांबलाया, मला दिसतंया. मंग लांबू द्या की वाईच. तुमचं काय जातंय?"

"मावशी, ओवी आबांची आहे. कधी संपवायची ते त्यांनी ठरवायचं."

"आन् आबा कुनाचं?" त्यांनी विचारलं.

चहा उतू जायला आला, मी पातेलं उतरवलं आणि बाहेर आले. लूनावरून येताना वाटभर मी मावशींशी मनात भांडत होते आणि प्रत्येक वेळी त्याच जिंकत होत्या. चार दिवस जास्त मिळावेत असं कुणाला वाटत नाही? अब्बांच्या उशाशी बसून मलाही वाटलंच होतं की यासीन जरा सावकाश वाचावं.

पण आबांच्या कपाळावरच्या आठ्याही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेले की आज बोलायचं, मग मावशींनी मला पुन्हा उंबऱ्यात पाऊल टाकू दिलं नाही तरी चालेल. बोलायची वेळ माझ्यावर आलीच नाही. गाणं सुरू झालं, देव त्याच वळणावर होता, मेव्हण्यांनी नवी मेंढी आणली आणि आबांनी खांद्यावरचा हातच काढून घेतला. मांडीवर ठेवून दिला. नियम म्हणजे नियम. हात नाही तर गाणं नाही. झील मधेच तुटली. सगळे घाबरून बघायला लागले. मावशी कपांचं ताट घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

आबांनी मला बोलावलं. त्यांची कुजबूज मला एकटीला नीट समजायची. आधी म्हणाले, "मोठ्यानं सांगा." मग एकेक शब्द करत बोलायला लागले आणि मी त्यांच्याच शब्दांत मोठ्यानं सांगायला लागले.

"सांज झाली का ही चुलीम्होरं जाती. येवढ्या मानसांचा च्या करती. मी हितं, ती तितं."

आबांनी माझं मनगट धरलं. मी पुढं सांगितलं.

"गडी उठंस्तवर माझा डोळा लागतो. मंग सकाळ. ववी संपवा. म्हंजी तिला काम ऱ्हानार न्हाई आन् ती माझ्यापाशी बसंल."

कुणी कुणाकडे बघेना. असलं काही त्या वाडीत कुणी नवऱ्यानं बायकोबद्दल चारचौघांत बोललं नसेल, तेही एका नर्सच्या तोंडून. मावशींनी ताट जमिनीवर ठेवलं, पदर डोईवर नीट केला आणि भावाला म्हणाल्या, "दादा, उतरीव मेंढरं खाली."

आबांनी हात पुन्हा खांद्यावर ठेवला. मेव्हण्यांनी कानावर हात घेतला आणि असे गायला लागले, की मला त्या गाण्यात काय आहे ते तेव्हा कुठं समजलं. देव झपाझप घाट उतरला. मेंढरं सपाटीला आली, पाण्याला लागली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पहिल्यांदाच गाण्याच्या खोलीत. शेवटचं देवाचं नाव घेऊन झील थांबली आणि सगळ्यांच्या माना एकदम आबांकडे वळल्या. श्वास चालू आहे का, एवढंच जो तो बघत होता. मीसुद्धा.

आबांनी एक डोळा उघडला. काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं आणि हसू आवरून सांगितलं, "ते विचारतात, काय बघताय? घरला जावा की."

मंडळी एवढी हसली की गोठ्यातली म्हैस ओरडायला लागली. गार झालेला चहा सगळ्यांनी तसाच पिऊन टाकला, एकेकानं आबांच्या पायाला हात लावला आणि त्या दिवशी जेवणवेळेच्या आधीच खोली रिकामी झाली. मी इंजेक्शन दिलं. निघताना बघितलं, मावशी खाटेजवळ बसल्या होत्या खऱ्या, पण अवघडून, पाहुण्यांच्या घरी बसावं तशा. काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. मी म्हटलं, काहीही बोला, कांदा काय भावानं गेला ते सांगा.

पुढचा आठवडाभर आबा होते. ओवी सरली की माणूस सुटतो हा मावशींचा हिशेब चुकला, आणि चुकला याचा माझ्याइतका आनंद कुणालाच झाला नसेल. सांज झाली की चूल सुनेकडे आणि मावशी खाटेपाशी. मी जायचे तेव्हा त्यांचं बोलणं चालूच असायचं. कुठल्या साली कुठल्या रानात मेंढरांचा वाडा टाकला होता, कोणत्या नदीला पूर आला होता, थोरल्या पोरीचा जन्म कुठल्या झाडाखाली झाला. मला बघून आधी गप्प व्हायच्या, मग माझ्यासाठीही थांबेनाशा झाल्या. आबांचे डोळे बहुतेक मिटलेले असत. चेहऱ्यावर आठी नसे.

एका संध्याकाळी मी पोचले तर मावशी नेहमीसारख्याच बसलेल्या. आबांचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता. "बाई, बघता का जरा," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटतं, ह्ये गेले."

मी नाडी बघितली, छातीला नळी लावली. गेले होते, थोड्याच वेळापूर्वी. हात अजून उबदार होता. मी मान हलवली. बाहेर मुलाला सांगायला हवं होतं, पण मावशींनी माझी बाही धरली.

"लगीन झाल्यापास्नं ह्ये गात आले," त्या म्हणाल्या, "आन् मी चुलीम्होरनं ऐकत आले. निम्मं ऐकू यायचं, निम्मं न्हाई. ह्या आठ दिसांत त्यांनी कायबी गायलं न्हाई, बाई. पन मला समदं ऐकू आलं."